मुनीरभाईंचं इतिवृत्त

मुनीरभाईंनी एकदा नगराध्यक्षांच्या शिंका इतिवृत्तात लिहिल्या होत्या.

इतिवृत्त म्हणजे पालिकेच्या सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं, त्याची नोंद. बाकी गावांत ही नोंद एका ओळीत उरकते. 'सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' चर्चा झालेलीच नसली तरी ती सविस्तरच असते. आमच्याकडं मात्र शेख मुनीर नावाचे सभालिपिक होते. त्यांनी लिहिलं होतं, 'विषय सात, नाल्यावरील पुलाची डागडुजी. विषय मांडत असता मा. अध्यक्ष यांना शिंका आल्या, एकूण तीन. सभा थांबली. शिंका संपल्यावर विषय मंजूर.'

मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून दाखवायची पद्धत. मुनीरभाई उभं राहून, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून, आकाशवाणीवर बातम्या देतात तसं वाचायचे. शिंकांपाशी आले तसं सगळं सभागृह हसलं. नगराध्यक्ष नानासाहेब लालबुंद झाले.

"मुनीरभाई, हे काय लिहिलंय?"

"शिंका आल्या होत्या ना, साहेब?"

"आल्या होत्या, पण..."

"मग दर्ज झाल्या."

हे त्यांचं पालुपद होतं. 'दर्ज झालं.' एकदा दर्ज झालं की खोडणं नाही, गिरवणं नाही.

मी तेव्हा आवक-जावक टेबलावर नवीनच लागले होते. आमचं गाव कन्नडच्या रस्त्यावर, औरंगाबादपासून एसटीनं तासाभरावर. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. शहर रोज थोडं थोडं आमच्याकडं सरकत होतं. ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा पडत होत्या आणि एकही झाड नसलेल्या माळाला लोक 'वृंदावन नगर' म्हणू लागले होते. पालिका नवी, सतरा नगरसेवक, पत्र्याचं सभागृह, आणि छताला खडखडणारा एकच पंखा. सभेचे कागद पोचवायला मला आत बसावं लागे, त्यामुळं ही सगळी मजा मी फुकट पाहिली.

मुनीरभाई उंच, किडकिडीत, पांढरा सदरा. खिशाला दोन पेनं, एक शाईचं आणि दुसरं त्याला काही झालं तर म्हणून. बोलणं दखनी वळणाचं, 'हौ' आणि 'नक्को' घातलेलं. पण लिहायला बसले की असं मराठी उतरायचं की आमचे मुख्याधिकारी शुद्धलेखन विचारायला शिपाई त्यांच्याकडं पाठवायचे.

सभेत नगरसेवकांना विरोधकांपेक्षा त्यांचीच भीती जास्त. वॉर्ड पाचचे पहिलवान एकदा सभेआधीच येऊन म्हणाले, "भाई, आज मी तोंडच उघडणार नाय. बघू काय लिवता ते." मुनीरभाईंनी लिहिलं, 'वॉर्ड पाचचे सदस्य संपूर्ण सभेत गप्प होते. जांभया दोन.'

वॉर्ड नऊच्या सदस्य होत्या कौसाबाई. त्या खुर्चीत पदर ओढून बसायच्या आणि त्यांचे यजमान बाहेर खिडकीपाशी उभे राहून त्यांच्या वतीनं भाषण ठोकायचे. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. एके दिवशी इतिवृत्तात वाचलं गेलं, 'सौ. कौसाबाई यांच्या वतीने त्यांचे पती खिडकीतून बोलले. खिडकी ही सभेची सदस्य नाही, याची नोंद घ्यावी.' यजमान तिरमिरीत निघून गेले. पुढच्या सभेला कौसाबाई स्वतः उठल्या, पदर सावरला आणि वॉर्डातल्या तुंबलेल्या गटारीवर पाऊण तास बोलल्या. नानासाहेबांना पाणी मागवावं लागलं. तेही दर्ज झालं.

सभेबाहेरही हा नाद सुटत नसे. जेवणाच्या सुट्टीत मी सासूबाईंच्या गुडघ्याचं रडगाणं गात असले, की मुनीरभाई डबा बाजूला ठेवून पुढं सरकायचे.

"नेमकं काय बोलल्या सासूबाई?"

"अहो, हेच की, डॉक्टरला काही कळत नाही."

"असं नक्को. त्यांचे लफ्ज सांगा, शिंदेबाई. जसेच्या तसे."

मग मी सांगायचे, "बोलल्या, त्या डॉक्टरचाच गुडघा दुखाया पायजे म्हणजे कळंल." मुनीरभाई खूश होऊन मान हलवायचे. मला वाटायचं, माणूस भला आहे, पण चौकस फार.

मग ती दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी पाऊस उशिरा आला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. सभेत विषय कुठलाही असो, गाडी टँकरवरच यायची. वॉर्डनिहाय खेपांची यादी झाली आणि त्या यादीत नाल्यापलीकडची धनगर वस्ती नव्हती. वीस-पंचवीस घरं, मेंढरं राखणारी, रोजंदारीला जाणारी. हद्दवाढीत वस्ती पालिकेत आली होती, पण कुठल्या वॉर्डात ते ठरायचं राहून गेलं होतं. वॉर्ड नाही म्हणून नगरसेवक नाही, नगरसेवक नाही म्हणून टँकर नाही.

तिथली ठकूबाई नावाची म्हातारी दर आठवड्याला अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी यायची. मी शिक्का मारून अर्ज आत पाठवायचे, तो आतच राहायचा. एका सभेच्या दिवशी ती सरळ सभागृहाच्या दारात येऊन उभी राहिली. शिपाई अडवायच्या आत बोलायलाही लागली.

"नानासायेब, आमी हद्दीत हाव का नाय, तेवढं सांगा. हद्दीत नसल तर मतं मागाया कसं आलता?"

सभेत खसखस पिकली. नानासाहेब उकाड्यानं आधीच वैतागले होते.

"अगं बाई, मिळंल टँकर. ओ मुख्याधिकारी, टाका एक खेप नाल्यापलीकडं. झालं समाधान? आता चहा आणा कुणीतरी."

चहा आला. ठकूबाई गेली. दुसऱ्या दिवशी वस्तीवर एक खेप पडली आणि विषय तिथंच संपला, असं सगळ्यांना वाटलं.

महिन्यानं मुनीरभाईंनी इतिवृत्त वाचलं. 'नाल्यापलीकडील वस्तीस रोज टँकरची एक खेप देण्यात यावी, असे मा. अध्यक्ष यांनी सभेस सांगितले. कोणीही हरकत घेतली नाही. त्यानंतर चहा झाला.'

नगरसेवक आपापल्या शिंका-जांभयांकडं कान लावून बसलेले. आपलं नाव आलं नाही म्हटल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि हात वर केले. इतिवृत्त कायम झालं. नानासाहेबांनी न वाचता सही केली. दुसऱ्या दिवसापासून टँकर रोज नाला ओलांडू लागला.

पंधरा दिवसांनी वृंदावन नगरची माणसं तणतणत आली. त्यांची एक खेप कमी झाली होती. नानासाहेबांनी वही मागवली, वाचली आणि मुनीरभाईंना बोलावलं. मी टपालावर सह्या घ्यायला तिथंच उभी होते.

"मी रोज म्हणालो होतो?"

"खाली आपली सही आहे, साहेब."

"मी विचारतोय काय, तुम्ही सांगताय काय! मी 'रोज' म्हणालो होतो का?"

"चहाचं पण दर्ज आहे, साहेब."

नानासाहेबांनी वही टेबलावर आपटली. मग त्यांची नजर माझ्याकडं वळली.

"शिंदेबाई, तुम्ही होतात ना सभेत? सांगा बरं."

मी होते. माझ्या कानांनी ऐकलं होतं. 'रोज' हा शब्द त्या दिवशी सभागृहात कुणीही उच्चारला नव्हता. माझी नोकरी जेमतेम तीन वर्षांची. मुनीरभाई माझ्याकडं पाहतसुद्धा नव्हते. ते भिंतीवरच्या गावाच्या नकाशात नाला शोधत असावेत.

मी म्हणाले, "साहेब, पंख्याचा आवाज फार होता."

बाहेर व्हरांड्यात मुनीरभाई पुढं चालले होते. मी त्यांना गाठलं.

"मुनीरभाई, रोज नव्हते ना म्हणाले ते?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा कपाळावर ठेवला. म्हणाले, "शिंदेबाई, पाणी रोज लागतं."

ठराव फिरवायचा तर नवा ठराव मांडायला हवा, आणि म्हातारीचं पाणी बंद करा असं उभं राहून म्हणायची कुणाची छाती होईना. कोण जाणे, मुनीरभाई ते कसं लिहितील! टँकर पाऊस पडेपर्यंत चालू राहिला. नानासाहेबांनी आपला राग दुसरीकडून काढला. मुनीरभाईंची बदली कोंडवाड्यावर झाली, म्हणजे मोकाट गुरं धरून कोंडतात तिथं.

ती वही अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. आधीचे लिपिक लिहायचे, 'गाय, एक.' मुनीरभाईंनी लिहिलं, 'गाय, तांबडी, डावे शिंग वाकडे. आत येण्यास नाखूश होती. पेंढी पाहून मन वळले.' एका वळूबद्दल होतं, 'मालक न्यायला आला असता ओळख दाखवली नाही.' आम्ही मुद्दाम वाचायला जायचो. इकडं सभेचं इतिवृत्त एका ओळीचं झालं. चर्चा पुन्हा सविस्तर होऊ लागली. कौसाबाई मला म्हणाल्या, "आता बोलून उपेग काय, बाई? कुनी लिवतच नाय."

दोन वर्षांनी मुनीरभाई कोंडवाड्यावरूनच निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही. नानासाहेब त्या दिवशी दौऱ्यावर होते. मला ते सहन होईना. पुढच्याच रविवारी मी शाल आणि नारळ घेऊन औरंगाबादला गेले.

ते मुकुंदवाडीत राहायचे, स्टेशनाच्या मागं, आणि तिथून रोज एसटीनं ये-जा करायचे. दोन खोल्या, दारात तुळतुळीत सारवलेला ओटा. ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही. तेवढ्यात स्टेशनातून गाडी कर्कश शिट्टी मारत सुटली. तरीही त्यांनी मान वर केली नाही. माझी सावली ताटावर पडली तेव्हा दचकून उठल्या, मला खालून वर न्याहाळलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमी शिंदेबाई! सासूबाईंचा गुडघा कसा हाय? डॉक्टरचा दुखाया लागला का?"

तो आवाज ऐकून मुनीरभाई आतून लगबगीनं आले. इतकी वर्षं एका छपराखाली काम केलं, पण या माणसाला घरी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला आत बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. हळू बोलायची खरं तर गरज नव्हती.

"ही जुबेदा. लग्नाला दुसरं वर्ष होतं. ताप आला, आणि कान गेले. माझी शाळा उर्दू. हिची अजिंठ्याची, मराठी, चौथीपर्यंत. हिच्याशी बोलायचं तर मराठीतच लिहावं लागणार होतं. मग शिकलो."

भिंतीशी लाकडी फळीवर वह्या होत्या. शंभर पानी, दोनशे पानी, पुठ्ठे निखळलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या. दिवसभरात कुणी काय बोललं, ते रोज संध्याकाळी जुबेदाभाभींसाठी त्यात उतरायचं. त्यांनी पालिका कधी पाहिली नव्हती, पण पहिलवानांच्या जांभया त्यांना ठाऊक होत्या, कौसाबाईंवर त्यांचा जीव होता.

"सभेचं काय झालं?" त्या मला विचारू लागल्या. "दोन सालं झाली, हे नुसती गुरंच लिवून आणतात. विचारलं तर म्हणतात, सभा आता लई छोटी झाली."

मी मुनीरभाईंकडं पाहिलं. ते शालीची घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

"आणि एक सांगा," भाभींनी एक वही माझ्यापुढं उघडली. "इतक्या वह्या, पण यांचं सोताचं कुठंच नाय. सगळ्या दुनियेचं लिवतात. हे काय बोलतात तिथं? यांचं कुनी ऐकतं का?"

"मैं चाय रखता," असं म्हणून मुनीरभाई स्वयंपाकघरात निघून गेले.

वहीत पेन होतं. मी लिहायला सुरुवात केली. लिहिलं, की नोकरीच्या पहिल्या दिवशी मी साठ अर्जांवर चुकीच्या तारखेचा शिक्का मारला आणि टेबलावर डोकं ठेवून रडत बसले. मुनीरभाईंनी आपली खुर्ची ओढून आणली आणि माझ्यासोबत साठही तारखा हातानं दुरुस्त केल्या. शेवटी एवढंच म्हणाले, 'घरी सांगू नका. मी पण नाही सांगणार.' मग टँकरचं लिहिलं, सगळं, पंख्यासकट.

भाभी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. 'पाणी रोज लागतं' या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्या आतल्या दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "अवो! हे मला का नाय लिवलं?"

मुनीरभाई दोन्ही हातांत कप घेऊन दारात उभे होते. लिहायला हात मोकळा नव्हता. ते नुसतेच तिच्याकडं पाहत राहिले, आणि तीही नजर हटवीना. चहा बशीत सांडत होता.

मी मान खाली घातली, पान उलटलं आणि पुढं लिहू लागले.