हंसाताईंची सुई

आमच्या हंसाताई पदराला क्लबचा बिल्ला लावतात आणि बिल्ल्याशेजारी सुई. दोरा पर्समध्ये. नवी सभासद आली की दोन्ही तिच्या हातात पडतात. "ओव बघू, बेन." ओवली तर क्लबात, नाही तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे!

डहाणूच्या आमच्या महिला सेवा क्लबचा इतिहास त्या प्रत्येक सभेत सांगतात. आम्हाला तो तोंडपाठ आहे, पण त्यांना अडवायची कोणाची टाप आहे? पहिली सभा त्यांच्या चिकूवाडीत, पालथ्या खोक्यांवर बसून झाली. भिशी चाललीय म्हणून घरचे पुरुष हसले. "मग आम्ही उधव्याला नेत्रशिबिर घेतलं आणि यांची तोंडं बंद!" हे वाक्य त्या उभ्या राहूनच म्हणतात.

त्या शिबिरात डॉक्टरांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. पाड्यावरच्या बायका त्यापुढे मान खाली घालून गप्प. हंसाताईंनी तक्ता गुंडाळून डॉक्टरांच्या हातात दिला आणि पदराची सुई काढली. तेव्हापासून आमच्याकडे आधी सुई, मग डॉक्टर. मोतिबिंदू काढलेली बाई नवा चष्मा लावून परत येते, सुई ओवते आणि आम्ही टाळ्या वाजवतो. पहिली टाळी उधव्याच्या लक्ष्मीला मिळाली. आता तीच दर शिबिराला बायका गोळा करून आणते.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत प्रत्येकीचा हात हंसाताई धरतात. "मुंगी चावते, बस," एवढंच म्हणतात. तलासरी तालुक्यात अशा किती जणी आज तांदूळ निवडताना खडा टिपतात! मला या क्लबचा फार अभिमान आहे.

गेल्या शिबिरात, वेवजीला, हंसाताई सुई सारखी दुसऱ्यांकडे देत होत्या. "तू ओवून दाखव गं, मला घाई आहे." लक्ष्मी हे बराच वेळ बघत होती. तिनं दोरा पुढे केला.

"ताई, आज तू ओव."

हंसाताईंनी दोरा सुईच्या अलीकडे घातला, पलीकडे घातला. "दोरा जाड आणलाय मेल्यांनी!" दोरा त्यांनीच आणला होता. डॉक्टरांनी टॉर्च मारला. दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू, चांगला पिकलेला.

"आधी रांगेतल्या बायका," त्या म्हणाल्या. रांग संपली तरी खुर्चीवरून उठेनात. मी जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाल्या, "सगळ्यांना मुंगी सांगितली गं. मला काय माहीत, काय चावतं ते? आणि माझ्या घरी तर आता हात धरायला कोणी नाही."

आम्ही सगळ्याच एकदम पुढे झालो, पण लक्ष्मीनं कधीच हात धरला होता. "चल. मुंगीच चावते. मला माहीत आहे ना!"

पुढच्या सभेला हंसाताई चष्मा लावून आल्या आणि आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर सुई ओवली. आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

"पुरे! सभा सुरू करा," त्या ओरडल्या. मग ओवलेली सुई त्यांनी लक्ष्मीच्या पदराला टोचली, तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि इतिहास पहिल्यापासून सुरू केला. सभा संपेपर्यंत तिचा हात काही सोडला नाही.