तापल्यावर गार न्हाई

सुदाम मिस्त्रीच्या घरी आल्या आल्या पाणी मिळत नाही. उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर तो आधी तळहात ठेवतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो, "अजून तापलेले हायसा. बसा सावलीत." मग तुम्ही व्याही असा की तलाठी, अर्धा तास घसा कोरडाच. सून बिचारी गूळ-पाणी घेऊन दारात ताटकळते. एकदा तिनं तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारला, तर मिस्त्री भरल्या ताटावरून उठला. "तापल्यावर गार न्हाई!" एवढं एकच त्याचं शास्त्र.

मी आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव. तळं आटून तिसरं वर्ष लागलंय. सभासद कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेत, घरांना कुलपं आहेत. संस्थेत उरलोय मी, रबरी शिक्का आणि एक मोटारबोट.

तळं भरलेलं होतं तेव्हा चेअरमनना हौस आली होती, बोट कशी वाऱ्यासारखी पळाली पाहिजे. त्यांनी शहरातून ब्लोअर आणून इंजिनाला बसवला. ब्लोअर इंजिनात जादा हवा कोंबतो आणि बोट सुसाट सुटते. पण त्या सगळ्याचा ताप इंजिनाच्या माथ्यावरच्या हेडला सोसावा लागतो. "हौस चेअरमनची, मार हेडला," बोटीचं इंजिन सांभाळणारा मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता. पण आमच्या संस्थेत मिस्त्रीचं ऐकायची पद्धत नाही.

आता ती बोट तळ्याच्या मधोमध दगडांवर उभी आहे, भोवती भेगाळलेला गाळ. आणि रोज भर दुपारी, गावात चिटपाखरू नसताना, तळ्यातून इंजिनाची घरघर आणि ब्लोअरची लांबलचक शिट्टी येते. पहिल्यांदा आलेला टँकरवाला ती ऐकून माझ्यावरच भडकला होता, "तळ्यात बोट चालतीय तर मला कशापायी बोलावलं?" म्हाताऱ्या बायका मात्र त्या वेळी दारं लावून घेतात.

गेल्या महिन्यात ठराव झाला, बोट भंगारात काढायची. मिस्त्रीकडून किल्ली आणायचं काम अर्थात सचिवाकडे. मी दुपारीच तळ्यात उतरलो. काठ मागे पडला तशी पाखरंसुद्धा गप्प झाली. आपल्या चपलांचा आवाज आपल्यामागून येतोय असं वाटू लागलं, आणि मी दोनदा वळून पाहिलं.

बोटीवर मिस्त्री हेडचे नट आवळत होता. हे हेड त्यानं मागे नवं बसवलेलं. मधून सुरुवात करून एकदा इकडचा, एकदा तिकडचा. मग पान्यानं हेडवर टिचकी मारून कान लावला. "चांगलं हेड घंटेवानी वाजतंय सायेब. तडा गेला की मडक्यावानी." बोटीशेजारी पाण्याचा पिंप होता. तापू नये म्हणून इंजिन त्यातूनच पाणी ओढायचं आणि त्यातच सोडायचं. ते पाणी मिस्त्रीनं स्वतःच्या आंघोळीतून वाचवलेलं.

बोटीच्या पुढच्या फळीवर उन्हात पितळी पेला पाण्यानं भरून ठेवला होता. मी तहानेनं हात घातला.

"त्येला शिवू नका!" मिस्त्री एवढ्या जोरात ओरडला की मी मागे सरलो.

मग त्यानं इंजिन सुरू केलं. शिट्टी कोरड्या तळ्यावरून काठाला जाऊन परत आली. थोड्या वेळानं त्यानं वेग हळूहळू उतरवला, इंजिन बंद केलं आणि तोंडाशी हात धरून हाक मारली, "लक्ष्मणाऽऽ, आवाजावर ये रं!"

लक्ष्मण त्याचा धाकटा भाऊ. तळं भरलेलं असताना तो तळ्यात गेला तो परतला नाही, एवढं गावाला ठाऊक होतं. कसा, ते मिस्त्रीनं कधी सांगितलं नव्हतं.

"पल्याडची जाळी आनाया दोघं गेलतो," तो म्हणाला. "ह्याच टायमाला. पानी वडायचा पाइप शेवाळानं तुंबला, इंजिन लई तापलं. आभाळ भरून आलतं. मी घाईत बादलीभर गार पानी हेडवर वतलं. ठण्ण झालं. हेड तडकलं. लक्ष्मण म्हनला, दादा, मी पवत जातो, दुसरी होडी आनतो. मागनं असा पाऊस आला की काठ दिसंना. दिसत न्हाई तवा आवाजावर यायचं असतंय सायेब. आन् माजं इंजिनच मुकं."

तापलेलं लोखंड निवताना टिकटिक करत होतं. मिस्त्रीचा हात अजून हेडवर होता.

"तळं आटलं तवा वीतवीत जमीन हिंडलो. जाळी गावली, भांडी गावली. त्यो न्हाई गावला." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "न्हाई गावला मंजी अजून पवतोय."

 मी पुढच्या फळीकडे मान वळवली.

"आणि तो पेला?"

"लांबनं येनार. दमलेला, तापलेला आसंल. गार कसं द्यायचं?"

संस्थेच्या दफ्तरात मी लिहून ठेवलं, 'इंजिनाची किल्ली मिळून आली नाही.' चेअरमननी न वाचता सही केली.

परवा मिस्त्रीला ताप भरला. सुनेनं किल्ली माझ्या हातात आणून दिली. मी गेलो. पेला भरून उन्हात ठेवला, नट चाचपले, हेडला कान लावला, इंजिन चालवलं, सावकाश उतरवलं. हाक मारताना आधी लाज वाटली, मग वाटली नाही. परतण्यापूर्वी पेल्यात बोट बुडवून पाहिलं. पाणी गार नव्हतं.