धुलाईघरातला न्याय

राजकीय सिद्धांत हा विषय नेमका काय आहे आणि तो कशासाठी शिकवायचा, याचा खुलासा वसंतापूर्वी करावा, अन्यथा विभाग बंद समजावा, असं स्वीडनमधल्या एका विद्यापीठाच्या अधिष्ठात्यांनी कळवलं. यिल्वाची नोकरी त्याच विभागात होती आणि पदरी अडीच वर्षांची लेक, तूव्हा.

विभागप्रमुख तोर्केल मात्र खुलला. "उपयोगच पाहिजे ना त्यांना? आपल्या इमारतीच्या धुलाईघरात न्याय आणून दाखवू."

प्राध्यापकांच्या त्या इमारतीत सगळ्या बिऱ्हाडांत मिळून दोन वॉशिंग मशीन होती. भिंतीवर वेळांचे रकाने आखलेली पाटी होती; हव्या त्या रकान्यात आपलं छोटं कुलूप अडकवायचं, की ती वेळ आपली. भांडणं व्हायची, दारावर खवचट चिठ्ठ्या लागायच्या, पण कपडे धुतले जायचे.

तोर्केलने आधी पाटी उतरवली. तिच्यामुळे लवकर उठणाऱ्यांना झुकतं माप मिळत होतं. मग वेळा चर्चेने ठरू लागल्या. चर्चेत स्वतःचे कपडे किती मळलेत हे सांगायला बंदी होती, कारण स्वार्थ आला की न्याय नासतो. पुढे, गैरहजर माणसावर अन्याय नको म्हणून, सगळे जमल्याखेरीज मशीन सुरू करायचं नाही असं ठरलं. सगळे कधीच जमले नाहीत.

यिल्वाने तोर्केलला जिन्यातच गाठलं. "अरे, तूव्हाचा बर्फात घालायचा पोशाख चिखलाने इतका कडक झालाय की नुसता उभा राहतो. बालवाडीच्या बाई म्हणतात, स्वच्छ नसेल तर पोरीला बाहेर खेळायला नेणार नाही."

"हे तू मला सांगायला नको होतंस," तोर्केल हळहळला. "आता तू पक्षपाती झालीस. तुझं मत बाद."

"मत राहू दे. धुऊ कधी ते सांग."

"धुणं हा तपशील झाला, यिल्वा. कसं धुतलं जावं, एवढंच आपलं शास्त्र सांगतं."

त्या दिवसापासून ती घरच्या न्हाणीत बसून पोशाख हाताने घासू लागली. दार लावून, नळ बारीक सोडून. कारण एकट्याने धुणं म्हणजे सार्वजनिक चर्चेतून पळ काढणं, असं मागच्याच बैठकीत ठरलं होतं आणि तिने मान डोलावली होती.

अधिष्ठाते पाहणीला आले. मशीन लखलखत होती. दारावर एकही चिठ्ठी नव्हती. ते भारावून गेले. "ही व्यवस्था ज्यांना न्याय्य वाटते, त्यांनी हात वर करावेत."

कडेवरची तूव्हा अजून ओलसरच पोशाखात होती. नाही म्हणावं तर नोकरी जाणार, हो म्हणावं तर न्हाणी जन्माची गळ्यात. यिल्वाने हात वर केला आणि हळूच आजूबाजूला पाहिलं. सगळे हात वर होते, तोर्केलचासुद्धा. सगळ्यांची बोटं पाण्यात भिजून सुरकुतलेली होती. कोणी कोणाच्या बोटांकडे पाहत नव्हतं.

विभाग वाचला. व्यवस्था आता गावातल्या सगळ्या इमारतींना लागू होते आहे. स्वीडिश लोक भलतेच भोळे असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी मागच्या सभेत वर केलेला आपला हात एकदा उजेडात धरून पाहावा.