एकतीस गुणांचा होकार

त्या तीनमजली इमारतीत पाच धंदे होते आणि पाचांचा मिळून ईमेलचा संसार एकच होता. पेट्या पाच, पण सर्व्हर एक, पॅकेज एक आणि दारावरचा पहारेकरीही एकच. एका खोलीत पाच कुटुंबं राहिली की जे होतं तेच इथेही व्हायचं. एकाने खिडकी उघडली की बाकीच्या चौघांना सर्दी.

एका सोमवारी पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना टकलावर केस उगवण्याच्या तेलाच्या सत्तावीस जाहिराती आल्या. डॉक्टरांना खरोखरच टक्कल होतं, त्यामुळे त्यांनी ते मनाला लावून घेतलं. त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंना त्यांच्यावरच कायदेशीर कारवाई होणार असल्याची धमकी आली, आणि तीही शुद्धलेखनाच्या नऊ चुकांसकट. तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याला काय आलं ते त्याने जन्मात कोणाला सांगितलं नसतं. पण दुकान सांभाळणारी त्याची थोरली बहीण नेमकी तेव्हाच त्याच्या खांद्यावरून डोकावली.

"'प्रिय, मी एकटी आहे, तुझी वाट बघतेय,'" ताईने खणखणीत आवाजात वाचलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. "कोण रे ही?"

"ताई, स्पॅम आहे गं ते."

"आडनाव झालं. नाव काय तिचं?"

चष्मेवाला त्रेचाळीस वर्षांचा होता, बिनलग्नाचा होता, आणि ताईसमोर अजून सातवीत होता. त्याचे कान लाल झाले. एका गिऱ्हाइकाने तर चष्मा न घेताच, पण फार समाधानाने, दुकान सोडलं.

तिसऱ्या मजल्यावर निवृत्त हेडक्लार्क अर्ज लिहून द्यायचे. इमारतीचे सेक्रेटरीही तेच होते. छत्तीस वर्षं त्यांनी आवक-जावकीचं टेबल सांभाळलं होतं आणि निवृत्तीनंतर अडवायला काहीच उरलं नाही म्हणून त्यांची तब्येत ढासळत चालली होती. त्यांना कळलं की आपल्या ईमेलच्या पॅनेलवर स्वतःचे नियम लिहायची सोय आहे. शब्द द्यायचा, शब्दाला गुण द्यायचे, आणि एखाद्या मेलचे गुण पाच झाले की तो परस्पर इमारतीच्या सामायिक जंक पेटीत, जिचा पासवर्ड फक्त सेक्रेटरींकडे. शाळेत गुण मिळाले की पोरगं पास होतं, इथे गुण मिळाले की नापास. हेडक्लार्कांच्या चेहऱ्यावर पाच वर्षांनी रंग आला. त्यांनी त्याच दुपारी 'अनाहूत टपाल प्रतिबंधक समिती' स्थापन केली. पाचवं ऑफिस कायम बंद असायचं, म्हणून त्याचं मत त्यांनी स्वतःकडे सांभाळायला ठेवलं.

"सूचना मांडा," हेडक्लार्क म्हणाले.

"'मोफत', तीन गुण," डॉक्टर म्हणाले. "आणि 'तातडीने', तीन. चोर लोक नेहमी घाईत असतात."

"'कायदेशीर', पाच," वकीलबाई म्हणाल्या.

"बाई, तुमचा धंदाच तो आहे," चष्मेवाला म्हणाला.

"म्हणूनच सांगते. हा शब्द भला माणूस वापरत नाही."

हेडक्लार्कांनी स्वतःच्या दोन कलमांची भर घातली. उद्गारचिन्ह दिसलं की प्रत्येकी एक गुण, कारण सभ्य माणूस कागदावर ओरडत नाही. आणि जावक क्रमांक नसेल तर दोन गुण.

"जावक क्रमांक? खासगी पत्रालाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी बायकोला लग्नाआधी अकरा पत्रं लिहिली. अकराही क्रमांकित आहेत."

मग सगळ्यांच्या नजरा चष्मेवाल्याकडे वळल्या. ताई खास निमंत्रित म्हणून कोपऱ्यात बसली होती, हाताची घडी घालून. चष्मेवाल्याला चारित्र्य धुऊन घ्यायला अशी संधी परत मिळणार नव्हती. तो उभा राहिला आणि एखाद्या पुढाऱ्यासारखा सुटला. "'प्रिय', दोन! 'वाट बघतेय', तीन! 'फक्त तुमच्यासाठी', तीन! 'अभिनंदन', चार! 'तुमची निवड झाली आहे', पाच!"

"आणि पाठवणारी बाई अनोळखी असली तर?" ताईने विचारलं.

"पाच!"

टाळ्या झाल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. बंद ऑफिसनेही पाठिंबा दिला.

पंधरा दिवसांत इमारतीत अशी शांतता पसरली की डॉक्टरांना वाटलं वीज गेली. तेल बंद, धमक्या बंद, एकट्या बायका बंद. त्यांच्यापाठोपाठ बाकीचंही बंद झालं. एक माणूस गालावर हात ठेवून डॉक्टरांकडे आला.

"डॉक्टर, दाढ ठणकतेय. चार मेल टाकले, उत्तर नाही."

"काय लिहिलंत?"

"तातडीने वेळ द्या!"

"तिथेच चुकलात. वर उद्गारचिन्हही दिलं असेल. 'दाढ सवडीने पाहावी' असं लिहायचं. आता घरी जा, तसं लिहा, मग या."

वकीलबाईंच्या एकाही पक्षकाराला 'कायदेशीर' हा शब्द टाळून आपली अडचण लिहिता येईना. त्यांना वाटलं, बाईंनी वकिली सोडली. बाईंनाही हळूहळू तसंच वाटू लागलं. मासिक अहवालात मात्र हेडक्लार्कांनी लिहिलं: आवक शून्य, सबब यश शंभर टक्के.

शून्य म्हणजे अगदी शून्य नाही. एक मेल सगळ्या नियमांतून सुखरूप पार झाला होता. कुठल्याशा परक्या देशाच्या पदच्युत राजपुत्राला आपला खजिना ठेवायला विश्वासू इमारत हवी होती. हेडक्लार्कांनी त्याची प्रत काढून जिन्यात लावली. "मसुदा बघा! विषय आहे, संदर्भ आहे, जावक क्रमांक आहे, एक उद्गारचिन्ह नाही. घराणं दिसतं!"

अशा सुखाच्या काळात चष्मेवाल्याच्या दुकानात पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांना पाण्याखाली पलीकडची भिंत दिसत नव्हती, म्हणून नंबरचा गॉगल हवा होता. वीस वर्षं लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणाऱ्या चष्मेवाल्याला त्यांच्यासमोर वरचं मोठं अक्षरही वाचता येईना. गॉगल बनवायला दोन दिवस पुरतात, त्याने तीन आठवडे लावले. बाई दर चार दिवसांनी यायच्या, काचेवर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "झाला का हो माझा समुद्र?" शेवटी त्याने धीर केला. तोंडाने नाही, मेलने. लग्न कराल का, असं सरळ चार ओळींत विचारलं आणि सही केली.

बुधवारी बाई गॉगल न्यायला आल्या. "मेल वाचला," त्या म्हणाल्या. "मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाची गाडी आहे. त्याआधी मेलनेच उत्तर देते. तुम्ही लेखी विचारलंत, मीही लेखीच सांगणार."

शुक्रवारी सकाळपासून चष्मेवाला स्क्रीनसमोर बसून होता. दुपारचे चार वाजले. पेटी रिकामी.

"फोन कर की," ताई म्हणाली.

"फोनवर नाही म्हणाल्या तर?"

"आणि मेलवर नाही म्हणाल्या तर गोड लागेल का?"

"मेलवर निदान चेहरा दिसत नाही."

"तिचा?"

"माझा."

ताईने कपाळावर हात मारला. "अरे, पण ती बाई पडली अनोळखी. त्या तुमच्या ओळखीच्या माणसांच्या यादीत तिचं नाव तरी आहे का?"

चष्मेवाल्याच्या हातातून काच पुसायचं फडकं गळून पडलं. पुढच्या मिनिटाला तो तिसऱ्या मजल्यावर होता.

"जंक पेटी उघडा! माझा मेल आत आहे!"

"मजकूर बघायचा असेल तर मेल आधी सोडवावा लागतो," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. "आणि सोडवायचा असेल तर समितीला आधी मजकूर बघावा लागतो. कलम सहा. अर्ज करा. मेलने."

चष्मेवाल्याने तिथेच उभ्याउभ्या मोबाइलवर अर्ज केला. 'अत्यंत तातडीने! कृपा करा!'

"आला का?"

"नाही."

"अहो, तुमच्या डोळ्यांदेखत पाठवला!"

"मला तुम्ही दिसलात. अर्ज दिसला नाही."

दुसरा अर्ज त्याने जपून लिहिला. 'घाई अजिबात नाही. सवडीने पाहावे.' खाली जावक क्रमांक एक घातला. तो ताबडतोब पोचला. हेडक्लार्कांनी चष्मा पुसून तो वाचला, मान डोलावली आणि पुढच्या महिन्याच्या सभेत घातला.

"पुढच्या महिन्यात?"

"घाई नाही असं आपणच लिहिलंय."

साडेपाच वाजले. ताई तिन्ही जिने चढून वर आली. तिने अर्ज केला नाही. तिने फक्त हेडक्लार्कांच्या टेबलावर मूठ ठेवली आणि म्हणाली, "काका, आत्ताच्या आत्ता सभा घ्या, नाहीतर मी तुमच्या सगळ्या फायली एकाच फाईलमध्ये लावीन."

समितीची सभा सात मिनिटांत भरली. डॉक्टर कॅल्क्युलेटर घेऊन आले. जंक पेटीत चारशे बारा मेल होते. बाईंचा मेल सापडला. हेडक्लार्कांनी घसा साफ केला आणि ज्या आवाजात आयुष्यभर बदल्यांचे हुकूम वाचले त्याच आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'अभिनंदन,' उद्गारचिन्ह."

"चार आणि एक, पाच," डॉक्टर म्हणाले. "झालं. नापास. इथेच थांबू."

"डॉक्टर," ताई म्हणाली, "थांबलात तर उद्यापासून स्वतःचेच दात बसवत बसाल."

"वाचा, वाचा."

"'प्रिय चष्मेवाले, तुमची निवड झाली आहे,' उद्गारचिन्ह."

"सात. बारा. तेरा."

"'उमेदवार एकच होता, पण चुरस मोठी होती. ही सवलत फक्त तुमच्यासाठी.'"

"सोळा. अहो, ही तर व्यावसायिक टोळी दिसते."

"'तातडीने या,' उद्गारचिन्ह. 'तलावाच्या फाटकाशी सहा वाजेपर्यंत वाट बघतेय. आला नाहीत तर मी गाडीत बसेन आणि पुन्हा विचारणार नाही.'"

"वीस. तेवीस."

"'ता. क. मुद्दाम जाहिरातीसारखं लिहिलंय, म्हणजे वाचताना तरी तुम्ही हसाल. हसलात की बरे दिसता,' उद्गारचिन्ह."

"चोवीस. जावक क्रमांक नाही, सव्वीस. अनोळखी बाई, एकतीस." डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर उंच धरला. "एकतीस! आजवरचा उच्चांक!"

"माझं मत, अर्जदाराची बाजू ऐकून घ्यावी," वकीलबाई म्हणाल्या.

पण अर्जदार जागेवर नव्हता. तो 'फाटकाशी' या शब्दालाच उठला होता. टेबलावर त्याचा चष्मा तेवढा होता, घाम पुसायला काढून ठेवलेला.

चष्मेवाला बिनचष्म्याचा धावत सुटला. लाल दिवा त्याला फुलासारखा दिसला, एका उभ्या सायकलीची त्याने माफी मागितली, आणि सहाला दोन मिनिटं असताना तलावाच्या फाटकाशी निळ्या कपड्यांतली एक आकृती त्याला दिसली. तिच्यापुढे उभं राहून त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. गॉगल दोन दिवसांत झाला होता, तीन आठवडे खोटं बोललो, तुम्ही काचेवर टकटक केलीत की छातीत टकटक होते, दुसऱ्या शहरात नका जाऊ, आणि गेलातच तर मीही येतो, डोळे काय सगळीकडे असतात.

आकृतीने टोपी काढून डोकं खाजवलं. मग जाड आवाजात म्हणाली, "दादा, मी तलावाचा पंपवाला. बाई तुमच्या मागं उभ्यात."

बाई बॅगेवर बसून पोट धरून हसत होत्या. "पुन्हा सांगू नका," त्या म्हणाल्या. "मी सगळं ऐकलं. आणि मला नाही वाटत, याच्याहून बरं तुम्हाला जमेल."

गाडी साडेसहाला सुटली. एक जागा रिकामी गेली.

आता कोणालाही वाटेल की यानंतर समिती बरखास्त झाली असेल. उलट झालं. हेडक्लार्कांनी अहवालात लिहिलं की जंक पेटीतून आजवर एकच मेल सोडवला आणि त्यातून थेट विवाह झाला, सबब नियमावलीची उपयुक्तता सिद्ध होते. अहवाल इतका देखणा होता की शेजारच्या इमारतीने नियमावलीची प्रत मागितली. मग समोरच्या शाळेने, मग बँकेने, मग सगळ्या शहराने. महिनाभरात कोणाला कोणाचा त्रास राहिला नाही.

लग्न नोंदणीचं होतं, पण जेवणासाठी चारशे खुर्च्यांचा हॉल घेतला होता. आमंत्रणं मेलने पाठवायचं ठरलं. मजकूर ताईने स्वतः लिहिला, आणि ताई जशी बोलते तसाच लिहिला. 'प्रिय सगळे, आमच्या येड्याचं जमलं! तातडीने कळवतेय! सहकुटुंब या! आम्ही वाट बघतोय!'

जेवायला अकरा माणसं आली. त्यात पंपवाला होता, कारण त्याला तोंडी सांगितलं होतं. नवरा-नवरी इतकी खुशीत होती की त्यांनी रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगांमधून पकडापकडी खेळली आणि हेडक्लार्कांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र गावभर एकच कुरबुर सुरू झाली. चष्मेवाल्याने परस्पर उरकलं, आम्हाला साधं बोलावलंसुद्धा नाही. तुम्हीही परवा कोणाकडे तरी असंच बोललात म्हणे. यादीत तुम्ही सतरावे होतात. ताईने तुमचं नाव स्वतः घातलं होतं, आणि सगळ्यांच्या आधी उत्तर आलं ते तुमच्याकडूनच, दोन सेकंदांत: 'आपण माणूस असल्याची खात्री पटल्याशिवाय आपला संदेश स्वीकारता येत नाही.' ताईने ते दोनदा वाचलं. तरीही तिने तुमच्यासाठी दुसऱ्या रांगेतली खुर्ची धरून ठेवली, जेवण संपेपर्यंत, आपली पर्स ठेवून.