वाजस का?

धुळ्यात बिऱ्हाड केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दात घासत ओट्यावर आलो, तर शेजारच्या ओट्यावर एक गृहस्थ उजवा हात समोर ताठ धरून उभे होते. मधल्या बोटाला दोऱ्यानं पितळी घुंगरू बांधलेलं आणि डोळे मिटलेले. काही नवस असेल म्हणून मी मान वळवली, तेवढ्यात त्यांनी एक डोळा उघडला.

"रावसाहेब, कान चांगला शे का तुमना? सांगा बरं, वाजस का?"

मी कान दिला. "नाही वाजत," म्हटलं. हात स्थिर आहे म्हणजे चांगलंच की, म्हणून जरा कौतुकानंच म्हटलं. तर गृहस्थांचा चेहरा पडला. घुंगरू सोडून त्यांनी खिशात टाकलं आणि "आजबी नही" असं पुटपुटत ते आत गेले.

हे धुडकूभाऊ. मुलं जगत नसली की पुढच्याला असं टाकाऊ नाव ठेवायचं, म्हणजे यम फिरकत नाही, अशी आमच्याकडची समजूत. भाऊंच्या बाबतीत यमानं ती फारच मनावर घेतली होती. साठी उलटली तरी माणूस सागाच्या खांबासारखा. पेठेत त्यांचं बैलांच्या दोऱ्या, म्होरक्या आणि घुंगरमाळांचं दुकान होतं. मी कचेरीत साधा कारकून, पण सदरा-कोट घालणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी रावसाहेब होता.

त्यांच्या घरातून दिवसभर काकणांचा आवाज यायचा. बाई भारी कामाची दिसते, असं मला वाटे. मी एकटा, खानावळीत जेवणारा. भिंतीपलीकडे कोणी काकणं वाजवत वावरतं आहे एवढ्यानंही मला बरं वाटायचं. एकदा ताक मागायला गेलो, तर भाऊंच्या मंडळी, राहीअक्का, भिंतीला टेकून नुसत्या बसलेल्या. हात मांडीवर, आणि तो हातच आपला आपण थरथरत होता. उठून त्यांनी तांब्या उचलला तशी काकणं थांबली. खाली बसल्या की पुन्हा सुरू.

"भाकरीले बरं पडस," अक्का हसून म्हणाल्या. "आपेआप थापाई जास."

वैद्यांनी या दुखण्याला कंपवात म्हटलं आणि वांगी, तूर, वाल, हरभरा असं सगळं वातूळ बंद करायला सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, हे कशानं होतं ते आम्हालाही ठाऊक नाही, असं कबूल केलं. कोणी विहिरीच्या पाण्यावर ठपका ठेवला, कोणी चुलीच्या धुरावर, कोणी हवेत उडणाऱ्या कापसाच्या रुईवर. आणि इथंच भाऊंचं डोकं अडलं.

"एक ताट, एक हीर, एक चूल," ते एकेक बोट दुमडत म्हणायचे. "तीस वरीस. मंग तिलेच काबरं? मन्हा हात कसा नही हालस?"

प्रश्न चोख होता. उत्तर शोधण्याची भाऊंची तऱ्हा मात्र त्यांची स्वतःची होती. जे जे वैद्यांनी बंद केलं, ते ते भाऊ एकेक करून पोटभर खाणार. ज्यानं घुंगरू वाजेल तो चोर. मग अक्कांच्या पोटातून त्याला कसा हाकलायचा ते पुढचं पुढं.

तो हिवाळा वांग्यांचा गेला. दोन्ही वेळा भरीत. बाजारात वांगीवाल्या त्यांना लांबून बघूनच टोपली भरायला घेत. एरवी भरिताच्या वासानं आमच्याकडची माणसं वाट सोडून येतात, पण त्या गल्लीत माघापर्यंत कोणी भरिताचं नाव काढेना. घुंगरू गप्प. मग हरभऱ्याची पाळी आली. त्या दिवसांत भाऊंच्या दुकानाचं गिऱ्हाईक बाहेर उभं राहूनच भाव करी, एवढंच सांगतो. घुंगरू तरीही गप्प. मग ते सरकी काढायच्या जिन-कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसू लागले. कापसाची रुई नाकातोंडात घेऊन, दाढी पिंजल्यासारखी पांढरी करून संध्याकाळी परत यायचे. खोकला लागला, हात नाही हालला.

विहिरींचं तर विचारू नका. भाऊ बाजाराच्या गावी माल घेऊन जात आणि तिथलं पाणी पिऊन येत. सोनगीरचं पाणी झालं, मग साक्रीचं. साक्रीहून आले ते घोंगडी पांघरून, दात वाजत, आणि चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुललेला.

"वाजनं, रावसाहेब! वाजनं!"

घुंगरू खरंच खणखणत होतं. मी कपाळाला हात लावून पाहिला, तर तवा. हिवताप होता तो. डॉक्टरांनी क्विनाईन दिलं, आठवड्यात माणूस खडखडीत बरा झाला आणि हात पुन्हा दगड. डॉक्टरांवर भाऊंनी कायमचा राग धरला. "क्विनाईननी बठ्ठं वाया गयं," सगळी मेहनत फुकट गेली, असं ते भेटेल त्याला सांगत.

लोक हसत. मीही हसायचो. पण संध्याकाळी दिवेलागणीला हा माणूस एकटा ओट्यावर हात ताठ धरून उभा दिसला की माझं हसू जिरायचं. मूलबाळ नाही. जिच्याशी बोलायचं तिचाही आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललेला.

पुढं माझी आई यावलहून आली. माझं लग्न जमवायला आली होती, पण चार दिवसांत तिचं बूड शेजारीच जास्त. अक्कांची वेणी घालायची, भाजी निवडून द्यायची. एका दुपारी भाऊंनी तिलाही आपलं कोडं घातलं. एक ताट, एक हीर, एक चूल.

आई तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ताट एक असलं म्हणून पंगत एक होते का, भाऊ? तुम्ही उठल्यावर ती बसायची ना त्या ताटावर? ती काय खायची ते पाहिलं का कधी?"

भाऊ उठले. आतल्या दारात जाऊन उभे राहिले.

"तू काय खाये वं?"

"तेच. तुमी खादं तेच," आतून बारीक आवाज आला.

"नही उरनं तं?"

काकणं वाजत राहिली. अक्का म्हणाल्या, "उरे तं भाजी. नही तं शिळी भाकर नी तिखट-पानी. त्यात काय इचारानं?"

भाऊ ओट्यावर येऊन बसले. संसार सगळा एका ताटात झाला म्हणून सांगणाऱ्या त्या माणसानं आपल्या बायकोला जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्या घराघरांतून हीच रीत. माझ्या आईलाही मी जेवताना कधी पाहिलं होतं, ते मला त्या वेळी आठवेना. त्याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी पंगत उलटी केली. आधी अक्कांना पाटावर बसवायचं, आपल्या हातानं भरवायचं, आणि मग त्याच ताटात उरेल ते आपण खायचं. बायकोचं उष्टं खाणारा पुरुष म्हटल्यावर गल्लीला चघळायला वर्षभराचं साहित्य मिळालं. एकानं तोंडावर विचारलं, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "मन्ही परीक्षा चालू शे."

महिनाभरानं मी विचारलं, "काय म्हणते परीक्षा?"

"परीक्षा खोटी व्हस," भाऊ वैतागून म्हणाले. "तिना ताटमा जे चांगलं, तेच उरस. तुपाना घास ठेवस, भरीत ठेवस, नी कोरडी भाकर चावत बसस. मी भरावस तं तोंड मिटी लेस. आशी बाईसंगे कोन परीक्षा करी?"

बोलता बोलता त्यांनी तोंड फिरवलं. पुढं मी त्यांना तो प्रश्न विचारला नाही.

पुढल्या थंडीत अक्का गेल्या. वेगळं दुखणं असं काही झालं नाही, घास उतरेनासा झाला एवढंच. भाऊंनी घुंगरू दुकानातल्या खुंटीला टांगलं. सकाळी ते ओट्यावर यायचे, नुसते उभे राहायचे आणि आत जायचे. भिंतीपलीकडची काकणं बंद झाली तेव्हा माझी खोलीही मला खायला उठू लागली. तोवर माझं लग्न काही जमलं नव्हतं, आईही यावलला परत गेली होती. रोज कचेरीतून सुटलो की मी भाऊंच्या दुकानात जाऊन बसू लागलो. आम्ही बोलायचो कमी.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. दुकानात सोनगीरचा एक शेतकरी घुंगरमाळ घ्यायला आला होता. तो दोऱ्या पारखत होता आणि भाऊ माळ मांडीवर घेऊन, तिच्यावर हात टेकून स्वस्थ बसले होते. माळ बारीक वाजत होती. वारा नव्हता. भाऊ तिला हालवतही नव्हते.

"वाजस चांगली," शेतकरी खूष होऊन म्हणाला, आणि माळ घेऊन गेला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. खुंटीवरचं ते जुनं घुंगरू काढून त्यांनी बोटाला बांधलं. हात सवयीनं ताठ धरला, तर घुंगरू गप्प. मांडीवर ठेवला, तसं ते वाजू लागलं.

"भाऊ, दवाखान्यात जाऊ या," मी म्हणालो. "हे कशानं झालं असेल?"

"काय सांगू, रावसाहेब?" भाऊ जरासे हसले. "मी तं बठ्ठंच खादं."

मी उठलो, त्यांना हाताला धरून उठवू लागलो. त्यांनी दुसऱ्या हातानं मला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आते घरमा आवाज शे."