दोन बाजार आणि एक लिफ्ट

"पण शेअर तोच, घेणारी माणसंही तीच, मग बाजार दोन कशाला?" आत्याने पुन्हा विचारलं.

कंपनी थोरली आणि धाकटा या बहीणभावांची. ती दोघं लिफ्टचं सॉफ्टवेअर बनवत. लिफ्ट बिघडण्याआधीच ते तिची नाडी ओळखायचं. आता शेअर लोकांसाठी खुले करायचे होते. भांडवल आलं तर कंपनी वाढणार, नाहीतर कष्टाने जमवलेली माणसं पांगणार. सगळं ठरलं होतं. नोंदणी कुठल्या शेअर बाजारात करायची, एवढ्यावरच घोडं अडलं होतं. आत्या तिसरी संचालक, त्यामुळे निर्णायक मत तिचं.

"जुन्या बाजाराला वजन आहे, आत्या," थोरली म्हणाली. "तिथले गुंतवणूकदार शेअर घेतात आणि वर्षानुवर्षं सांभाळून बसतात."

"बसत नाहीत, झोपतात!" धाकटा उसळला. "नव्या बाजारात सगळ्या तंत्रज्ञानाच्याच कंपन्या. सॉफ्टवेअर कशाशी खातात, ते तिथं समजावत बसावं लागत नाही."

"मला दोघांचंही पटतंय," आत्या म्हणाली. "हीच तर पंचाईत आहे."

तिला पटवायला थोरलीने गुपचूप जुन्या बाजारातल्या अधिकाऱ्याला बोलावलं. धाकट्यानेही तितक्याच गुपचूप नव्या बाजारातल्या बाईंना बोलावलं. दोघांनी नेमकी एकच सकाळ निवडली, आणि दोन्ही पाहुणे ऑफिसच्या एकाच लिफ्टमध्ये शिरले. एकमेकांना ओळखताच ते अंग चोरून दोन कोपऱ्यांत सरकले. धाकट्याने लिफ्टला जरा जास्तच सावधपणा शिकवला होता. ही हालचाल तिला संशयास्पद वाटली आणि दोन मजल्यांच्या मध्ये ती गपकन थांबली.

"अगं बाई, अडकले!" संगणकावर लिफ्टमधलं दृश्य बघत थोरलीने कपाळाला हात लावला. "आता कसली नोंदणी?"

धाकटा संगणकावर तुटून पडला. लिफ्टमधला आवाज त्याच्या टेबलावरच्या स्पीकरवर येत होता.

"बंद कर तो," थोरली म्हणाली. "चोरून ऐकणं बरं नाही."

"मुळीच बरं नाही," आत्या खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "आवाज वाढव जरा."

आधी नुसतंच घसा खाकरणं ऐकू आलं. मग अधिकारी म्हणाले, "खरं सांगू का बाई? आमच्याकडे पहिल्या दिवशी घंटा वाजते, फोटो निघतो. दुसऱ्या दिवसापासून एवढ्याशा कंपनीकडे कुणी ढुंकून बघत नाही."

"आमच्याकडे बघतात हो!" बाई हसल्या. "इतकं बघतात, की नफा जरासा घटला तरी शेअर गडगडत तळाला. मालकांना झोप नाही."

खोलीत कुणीच कुणाकडे बघेना.

थोड्या वेळाने लिफ्ट सुटली. पाहुणे बाहेर आले ते घामाघूम होऊन, पण अगदी जुन्या ओळखीचे असल्यासारखे. अधिकारी थोरलीला म्हणाले, "तुमचं तंत्रज्ञान फारच पुढचं आहे, मॅडम. तुम्हाला नवा बाजारच शोभेल." बाई धाकट्याला म्हणाल्या, "छे, इतकी सावध कंपनी! जुन्या बाजारातच जा." चहाला नको म्हणून दोघं जिन्याने उतरू लागले. आत्याही "पोचवून येते" म्हणत मागोमाग गेली.

इकडे थोरली विचारात पडली होती. "कुणी बघणारच नसेल, तर वजन काय चाटायचंय? नवा बाजारच बरा."

"वेड लागलंय का?" धाकटा म्हणाला. "रोज शेअरकडे डोळे लावून बसलो, तर काम कधी करायचं? जुनाच बरा!"

पुन्हा जुंपली. कालचेच मुद्दे, फक्त तोंडं बदललेली.

धापा टाकत आत्या परतली आणि दारातूनच तिने हात वर केला. "माझं मत नव्याला."

"का?" दोघंही ओरडले.

"जिन्यात तो अधिकारी हळूच बाईंना विचारत होता, 'तुमच्याकडे एखादी जागा निघतेय का हो?' जन्म तिथं काढलेला माणूस उगाच का उठेल?"

थोरलीने टेबलावर थाप मारली. "बघ! मी पहिल्यापासून हेच सांगत होते."

 धाकट्याला कालपर्यंत हवं होतं ते सगळं झालं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.