चमचाभर गहू

डिसेंबरच्या एकोणीस तारखेला सकाळी विदोयेने नवी गोळी पाण्याबरोबर गिळली, दंडावरची पांढरी चकती बाहीखाली झाकली आणि न्याहारीला नको म्हटलं. आज चार घरी जायचं होतं आणि चारही ठिकाणी जेवणं होती, तेव्हा पोटात जागा ठेवलेली बरी, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकला तो इथेच. पण त्याची बायको देसांका पुढे वर्षभर म्हणत राहिली की हा माणूस जन्मालाच चुकीचा हिशेब घेऊन आलाय, तेव्हा तो वाद आपण सोडून देऊ.

विदोये वीस वर्षं गावातून शहराला जाणारी बस चालवत होता. उन्हाळ्यात त्याला साखर निघाली. आता बसचालकाला दर वर्षी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि तो देणं न देणं गावच्या डॉक्टर नेवेनाबाईंच्या हातात. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: नवी गोळी घ्या, ही चकती पंधरा दिवस दंडावर राहू द्या, ती साखर मोजून मोबाइलवर दाखवील. रेघ चार ते दहाच्या हिरव्या पट्ट्यात राहिली तर दाखला. नाही राहिली तर इन्शुलिन, आणि मग मोठी गाडी चालवायची की नाही ते शहरातले लोक ठरवतील. शहरातले लोक काय ठरवतात हे विदोयेला ठाऊक होतं. बस गेली की आपण म्हणजे दारातलं जुनं टायर, असं तो मनाशी म्हणायचा. आणि साखरेचं कुणाला कळता कामा नये, हेही त्याने ठरवलं होतं. साखरवाल्या ड्रायव्हरच्या मागे घाटात कोण बसणार?

चौदा दिवस त्याने उकडलेला कोबी आणि उकडलेला मासा यांवर काढले होते. रेघ हिरव्या पट्ट्यात शहाण्या मुलीसारखी चालली होती. आज पंधरावा दिवस, आणि पंधरावा दिवस नेमका संत निकोलसचा.

संत निकोलस हा निम्म्या सर्बियाचा कुलसंत. त्या दिवशी त्या घरांचं दार दिवसभर उघडं. बोलावणं नसतं, जायचं असतं. आत पाऊल टाकलं की घरची बाई गव्हाचा वाडगा पुढे करते: शिजवून वाटलेला गहू, त्यात अक्रोड आणि भरपूर पिठीसाखर. छातीवर क्रूस काढायचा, चमचाभर गहू तोंडात टाकायचा, मगच टेबलाशी बसायचं. हा गहू संताचा, आणि त्या घरातल्या मेलेल्यांचाही. तो नाकारणं म्हणजे देवळात जाऊन प्रसाद नको म्हणण्यासारखं, आणि वर पुजाऱ्याच्या आईची चौकशी करण्यासारखं.

पहिलं घर रादिसावचं. रादिसाव हा विदोयेचा कूम, म्हणजे लग्नात त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिलेला. सख्खा भाऊ रुसला तर समजूत घालता येते, कूम रुसून चालत नाही. रादिसावच्या बायकोने वाडगा पुढे केला. विदोयेने गालाला हात लावला आणि दात भयंकर दुखतोय म्हणून सांगितलं.

रादिसावला वाईट वाटलं, पण त्याच्याजवळ दातावर औषध होतं. आलुबुखाराची घरी गाळलेली दारू, राकिया. त्याने स्वतःच्या हाताने पेला भरला, ती दाढेवर धरायची आणि मग गिळायची असं समजावलं. गव्हाशिवाय टेबलाशी बसता येईना, म्हणून विदोये दारातच औषध घेऊन सटकला. बर्फातून चढण चढताना त्याने मोबाइल पाहिला. पाच पॉइंट दोन. तो स्वतःवरच खूश झाला.

दुसरं घर स्तामेनाकाकूचं. काकूंचा नवरा ओब्रेन गेल्या वसंतात गेला. विदोयेला गाडी चालवायला त्यानेच शिकवलेलं, कोंबड्या वाहून नेणाऱ्या एका म्हाताऱ्या ट्रकवर. काकू वाडगा घेऊन दारातच उभ्या होत्या. रादिसावच्या बायकोचा फोन विदोयेच्या आधी पोचला होता.

"दाताचं कळलं मला," काकू म्हणाल्या. "म्हणून तीनदा वाटलाय. माझ्या तोंडात एक दात नाही, मला जातो. घे."

विदोयेची पंचाईत झाली. दाताची वाट बंद म्हटल्यावर तो पोटाकडे वळला. कालपासून पोट ठीक नाही, म्हणाला.

काकूंनी वाडगा खाली घेतला. "ओब्रेनच्या नावाचा पहिलाच गहू आहे हा," त्या म्हणाल्या. "बघ बाबा, तुझी मर्जी."

त्या आणखी काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. विदोयेला इतकी लाज वाटली की एकदा हात चमच्याकडे गेलासुद्धा. मग डोळ्यांपुढे बस आली, आणि हात मागे आला. पोटासाठी म्हणून काकूंनी दिलेली राकिया मात्र त्याने उभ्या उभ्या संपवली, कारण दोन्ही नाकारणं त्याच्याच्याने झालं नाही.

तिसरं घर मोमिरचं. मोमिर बसचा मालक. त्याच्या घरी पस्तीस माणसं टेबलाशी होती, आणि मोमिरच्या कानावर दात आणि पोट दोन्ही आलेलं होतं. गहू तर तोंडात टाकायचा नव्हता, तेव्हा विदोयेने वाटेत तिसरं कारण तयार केलं होतं: नवस.

"संताच्या दिवशी संताचा गहू न खायचा नवस," मोमिर सावकाश म्हणाला. "कुठल्या संताला केलास हा?"

विदोयेने भिंतीवरच्या संताच्या तसबिरीकडे पाहिलं.

"पहिल्या घरी दात, दुसऱ्या घरी पोट, माझ्या घरी नवस. चौथ्या घरी काय सांगणार आहेस, बाळंतपण?"

टेबल हसलं, मोमिर हसला नाही. पलीकडच्या खोऱ्यातला बसवाला ड्रायव्हर शोधतोय, हे त्याला महिन्याभरापासून माहीत होतं. ज्याचं मीठ सोडायचं असतं त्याचा गहू माणसाच्या घशाखाली उतरत नाही, असं तो शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. विदोये म्हणाला तसं काही नाही मालक, आणि हे सिद्ध करायला एक पेला रिकामा करून बाहेर पडला.

आता चौथं घर, डॉक्टरीणबाईंचं. तिथे तरी आपल्याला कोणी छळणार नाही, उलट शाबासकी मिळेल, या आशेवर तो अर्धा मैल बर्फ तुडवत गेला. पायऱ्या चढताना त्याचे पाय लटपटले. त्याला वाटलं, थंडी. कपाळावर घाम आला. त्याला वाटलं, भीती. दार उघडलं, आणि समोर नेवेनाबाई हातात गव्हाचा वाडगा घेऊन उभ्या.

"घ्या," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्हीच तर सांगितलंत ना."

"ते दवाखान्यात. इथे मी या घरची सून आहे, आणि सासूबाई बघतायत. थोडासा घ्या."

विदोयेने सासूबाईंकडे पाहिलं. त्याला दोन दिसल्या. ही परीक्षा आहे आणि आपण नापास व्हायचं नाही, एवढं त्याने मनाशी धरलं आणि मान हलवली. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल बोंबलायला लागला. बाईंनीच तो बाहेर काढला. आकडा तीन पॉइंट शून्य होता आणि बाण खाली.

पुढचं द्राश्को पोस्टमनने टेबलाशी बसून डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी विदोयेला दारातल्या बाकावर बसवलं, आणि हातात होता तोच चमचा वाडग्यात घालून त्याला लहान मुलासारखा भरवायला सुरुवात केली. वरून पाण्यात साखर ढवळून पाजली. द्राश्कोने मोजले, सहा चमचे, आणि एकही सांडला नाही.

"सकाळपासून काय खाल्लंत?" बाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

"काही नाही. तीन पेले घेतले."

"आणि गोळी?"

"ती घेतली ना. वेळेवर."

बाईंनी डोळे मिटले. "विदोये, मी तुमची साखर कमी केली होती. जेवण नाही."

साखर पोटात गेल्यावर विदोयेला पुन्हा एकच सासूबाई दिसायला लागल्या. बाईंनी त्याला त्यांच्यापुढे बसवून मासा, घेवडा आणि पाव खायला लावलं. पण हे होईपर्यंत द्राश्को तिथून उठून पुढच्या घरी गेलेला होता. पोस्टमन माणूस, बातमी अंगावर ठेवायची त्याला सवय नाही. तासाभरात गावभर झालं की विदोयेने कुमाला नाकारलं, विधवेला नाकारलं, मालकाला नाकारलं, आणि डॉक्टरच्या घरी मात्र तिच्या हातून वाडगा चाटून पुसून खाल्ला. माणूस मोठ्या लोकांत बसायला लागला, दुसरं काय.

देसांका त्याला न्यायला आली ती हे सगळं वाटेत ऐकून. आता दोनच रस्ते होते. एक तर साखरेचं सांगून टाकायचं, नाहीतर तिन्ही घरी परत जाऊन गहू खायचा. विदोयेने बस वाचवायची म्हणून खायचं ठरवलं. बस वाचवायची म्हणूनच दिवसभर खाल्लं नव्हतं, हे देसांकाने त्याच्या लक्षात आणून दिलं, पण तो निघालेला होता.

रादिसावच्या घरी स्वागत झालं ते असं: "काय रे, डॉक्टरणीने दात उपटला वाटतं?" विदोयेने उत्तर न देता चार चमचे खाल्ले. रादिसावचा राग चौथ्या चमच्याला उतरला. मोमिरच्या घरी सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या, म्हणून पाच खाल्ले, आणि मालक खूश होऊन सहावा भरायला लागला तेवढ्यात मोबाइल पुन्हा बोंबलला. या वेळी बाण वर होता.

"काही नाही, बायकोचा निरोप असेल," विदोये म्हणाला.

"बायको तुझ्या शेजारी उभी आहे," मोमिर म्हणाला.

देसांकाने ओठ आवळून धरले होते, ते सुटले. "साखर आहे त्याला. उन्हाळ्यापासून आहे. तुमची बस हातची जाऊ नये म्हणून हा माणूस दोन आठवडे कोबी खातोय, आणि तुम्ही त्याच्या दातांची चेष्टा करताय."

मोमिरने चमचा वाडग्यात ठेवला आणि सकाळी बघू म्हणाला. सकाळी बघू म्हणणाऱ्या मालकाकडून आजवर कोणाचं भलं झालेलं विदोयेने पाहिलं नव्हतं.

काकूंचं घर त्याने शेवटी ठेवलं होतं, कारण तिथली लाज सगळ्यात मोठी. आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्याने दारातच सगळं सांगितलं: चकती, गोळी, दाखला, आणि ओब्रेनकाकांचा गहू नाकारून आपल्याला दिवसभर चैन नाही हेही.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साखर? मला अठरा वर्षं आहे."

"मग काकू, तुम्ही गहू खाता कसा?"

"एक दाणा." वाटलेल्या गव्हावर सजावटीला लावलेल्या अख्ख्या दाण्यांतला त्यांनी चिमटीत खरंच एक उचलून दाखवला. "क्रूस काढायचा, दाणा घ्यायचा. संत काय चमचा मोजत बसलाय? आणि ओब्रेनने आयुष्यात मला कधी काही मोजून दिलं नाही, तो आता काय मोजणार. तुला चमचाभर खायला कोणी सांगितलं होतं?"

विदोयेला कोणीच सांगितलं नव्हतं. त्याने एक दाणा घेतला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला गव्हाची चव कळली.

सकाळी दवाखान्यात नेवेनाबाईंनी रेघ उघडली. चौदा दिवस सपाट माळ, मग एक खड्डा, मग डोंगर. डोंगरांवरून त्यांनी नुसतं बोट फिरवलं. हा रादिसाव, हा मोमिर, मोमिरकडे अक्रोड कमी आणि साखर जास्त असते, मला माहीत आहे. पण खड्ड्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे मला आवडलं नाही. या वेळी तुम्ही घाटात असतात तर?"

विदोयेने बसची चावी खिशात घट्ट धरली होती. बाईंनी ती गोळी बंद केली, साखर अशी खाली न ढकलणारी दुसरी लिहून दिली, आणि चकती कायम ठेवली. मग दाखल्यावर सही केली. अट एकच: बस सुरू करण्याआधी आकडा बघायचा. पाचाच्या वर असेल तरच चावी फिरवायची.

मोमिरने दाखला दोनदा वाचला. ड्रायव्हर दुसरीकडे जाणार नाही या आनंदात तो साखरेचं विसरूनच गेला होता. त्याने फक्त एवढं सांगितलं की तो आकडा रोज मलाही ऐकू येईल असा मोठ्याने सांगायचा. मोमिर बाहेर थांब्यावर उभा असायचा, तेव्हा त्याला ऐकू येईल असा आवाज म्हणजे बसमध्ये सगळ्यांनाच ऐकू जाणारा.

पहिल्या दिवशी विदोयेने मान खाली घालून "सहा पॉइंट एक" म्हटलं आणि सगळे उतरून जाण्याची वाट पाहिली. कोणी उतरलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तर चढणारा प्रत्येक जण तिकिटाआधी आकडा विचारू लागला. एकदा चार पॉइंट सात निघाला तेव्हा चार पिशव्यांतून सफरचंदं, पाव आणि केक पुढे आले, आणि आकडा चढेपर्यंत बस वीस मिनिटं जागेवर उभी राहिली. उशिराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. स्तामेनाकाकूंनी मात्र केक परत पिशवीत टाकायला लावला.

फेब्रुवारीत विदोये दोन दिवस रजेवर गेला. मोमिरने शहरातून बदली ड्रायव्हर आणला. तिशीचा, धडधाकट, गालांवर लाली. पहाटे थांब्यावर बावीस माणसं होती. काकू पहिल्या पायरीवर चढल्या आणि त्यांनी विचारलं, "किती?"

"काय किती?"

"आकडा किती?"

त्याला कळेना. काकूंनी समजावून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, मला कसलाच रोग नाही आजी, मी कधी मोजलंच नाही.

काकू पायरीवरून खाली उतरल्या. "चला रे," त्या मागच्यांना म्हणाल्या. "ज्याचा आकडा त्यालाच माहीत नाही, त्याच्या मागे घाटात कोण बसणार?"

बावीस माणसं थांब्यावरच उभी राहिली, आणि बस शहरापर्यंत रिकामी गेली.